शेवटी बोलणाऱ्याचंच खरं का वाटतं?

पत्र

मी औसा तालुक्यातली. वय २७, बी.कॉम. झालेय. आमच्या भागातल्या शेतकरी उत्पादक कंपनीत हिशेब आणि खरेदीचं काम बघते. माझी अडचण अशी, की मला स्वतःचं मतच नाही. बैठकीत एक संचालक बोलले की ते पटतं, दुसरे बोलले की ते पटतं. मोबाइलवर एखादा व्हिडिओ बघितला की तोही पटतो. सध्या डाळ मिल टाकायचा विषय चालू आहे. अध्यक्ष म्हणतात, शेजारच्या तालुक्यातल्या एका कंपनीनं टाकली आणि ती कुठल्या कुठं गेली. घरीही तेच. सोयाबीन अजून घरात पडून आहे. वडील म्हणतात, दहा हजारावर गेलं होतं, परत जाईल. त्यात बोअर मारायचाय. पाणाड्यानं जागा दाखवलीय. भाऊ म्हणतो थोतांड आहे, आई म्हणते त्यानं दाखवलेले सगळे बोअर लागलेत. मला दोघांचंही खरं वाटतं. नीट विचार करायला शिकता येतं का? त्याचा क्लास असतो का? मी काही फार हुशार नाही. आणि शिकले तरी मोठ्या माणसांपुढं बोलायचं कसं?

– एक वाचक, जि. लातूर

उत्तर

ताई,

तुम्ही स्वतःला कच्च्या मनाची ठरवून टाकलंय, ते मला मान्य नाही. मत बदलणं हा दोष नाही. तुमच्याच तालुक्यातलं किल्लारी बघा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेपर्यंत देशाच्या भूकंप-नकाशावर हा भाग सगळ्यात कमी धोक्याच्या पहिल्या झोनमध्ये होता. दख्खनचं पठार स्थिर आहे, इथं मोठा भूकंप होत नाही, असंच शिकवलं जायचं. त्या पहाटे जवळपास दहा हजार माणसं गेली. पुढं २००२ साली नकाशा सुधारला तेव्हा पहिला झोन काढूनच टाकला आणि लातूरचा भाग तिसऱ्या झोनमध्ये आला. त्या शास्त्रज्ञांनी पुरावा बघून मत बदललं, आणि ते बदलायलाच हवं होतं. तुमचं मत मात्र शेवटी कोण बोललं त्यावर बदलतंय. दुरुस्ती करायची ती एवढ्याच ठिकाणी.

तुम्ही बैठकीला रिकाम्या हातानं जाता, म्हणून असं होतं. विषय आधी कळलेला असतो, पण त्यावर तुमच्या दोन ओळीही कागदावर नसतात. मग पहिल्या माणसाचं बोलणं कोऱ्या पाटीवर उमटतं आणि दुसऱ्याचं त्यावरच. येत्या बैठकीच्या आदल्या रात्री तीन गोष्टी लिहा: मला आत्ता काय वाटतं, कशामुळं वाटतं, आणि काय कळलं तर माझं मत बदलेल. तिसरी ओळ सगळ्यात महत्त्वाची. ती लिहिताना पेन अडेल. अडलं तरी ती लिहिल्याशिवाय उठू नका.

मी नोकरीभर बँकेच्या ग्रामीण शाखांमध्ये कर्जाची प्रकरणं तपासली. त्यातून आणि वाचनातून एक गोष्ट मला पक्की पटलीय. चांगला विचार करणारा माणूस स्वतःला एक प्रश्न विचारत असतो: "मी चुकत असेन, तर मला काय दिसायला पाहिजे?" आणि मग तो तिथं जाऊन बघतो. बाकीचे आपलं बरोबर कसं आहे याचेच दाखले गोळा करत बसतात.

पीटर वेसन या मानसशास्त्रज्ञानं १९६० साली लंडनमध्ये केलेला प्रयोग घरी करून बघण्यासारखा आहे. भावाला सांगा, "२, ४, ६ हे तीन आकडे माझ्या मनातल्या एका नियमात बसतात. तू आणखी तीन-तीन आकडे सांग, ते बसतात की नाही हे मी सांगते. खात्री झाली की नियम सांग." तो म्हणेल ८, १०, १२. बसतात. २०, २२, २४. बसतात. मग तो छातीठोकपणे म्हणेल, दोन-दोननं वाढणारे आकडे. चूक! नियम फक्त एवढाच आहे की आकडे चढत गेले पाहिजेत. १, २, ५० सुद्धा बसतात. पण ते तो विचारत नाही, कारण आपल्या अंदाजाला "नाही" असं उत्तर येईल असे आकडे माणूस सहसा देतच नाही. वेसनच्या २९ विद्यार्थ्यांपैकी एकही चुकीचा नियम न सांगता बरोबर नियमापर्यंत पोचलेले फक्त ६ होते. ते सगळे विद्यापीठात शिकणारे होते. तेव्हा "मी हुशार नाही" ही चिंता सोडा. हुशार माणूस कित्येकदा आपल्या चुकीच्या मताला जास्त चांगली कारणं शोधून काढतो.

आता हाच प्रश्न बोअरला लावू. आई म्हणतात, त्याचे सगळे बोअर लागले. आई खोटं बोलत नाहीत. लागलेल्या बोअरवर नारळ फुटतो, पेढे वाटले जातात, गावभर बोललं जातं. फेल गेलेल्या बोअरचं नाव कोण काढतो? कर्ज काढून मारलेला असेल तर घरातही कुणी विषय काढत नाही. म्हणून वहीच्या एका पानावर चार खाने आखा: पाणाड्यानं दाखवला आणि लागला, दाखवला आणि कोरडा गेला, न दाखवता मारला आणि लागला, न दाखवता मारला आणि कोरडा गेला. गेल्या काही वर्षांत गावात मारलेला प्रत्येक बोअर यातल्या एका खान्यात टाका. आईंना फक्त पहिला खाना आठवतोय, आणि भावाला बहुधा फक्त दुसरा. समजा गावात न दाखवता मारलेले दहापैकी सात लागले असतील आणि दाखवलेल्या दहापैकीही सातच, तर पाणाड्याच्या दाखवण्यानं काय फरक पडला? ही मोजणी केल्याशिवाय घरातल्या कुणालाच हो किंवा नाही म्हणता येत नाही.

जर्मनीत म्युनिकजवळ १९८७-८८ मध्ये याची मोठी चाचणी झाली होती. कोठाराच्या खालच्या मजल्यावर पाण्याचा पाइप दर वेळी जागा बदलून ठेवायचे आणि वरच्या मजल्यावरून पाणाड्यानं तो ओळखायचा. शेकडो जणांतून निवडलेले ४३ पाणाडे होते, आठशेच्या वर प्रयत्न झाले. प्रयोग करणाऱ्यांना त्यांतल्या काहींच्या अंगी कला दिसली. पण १९९९ मध्ये जेम्स एनराइट या शास्त्रज्ञानं तेच आकडे पुन्हा तपासून दाखवलं, की नुसत्या अंदाजानं बोट ठेवलं असतं तरी साधारण तेवढंच जमलं असतं. याचा अर्थ तुमच्या गावचा पाणाड्या लबाड आहे असा नाही. मनात आलेल्या अंदाजाप्रमाणे हात आपल्या नकळत बारीक हलतो. इंग्लंडचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ विल्यम कारपेंटर यांनी १८५२ मध्येच हे मांडलंय. पाणाड्याला हातातली बेचकी, म्हणजे दोन फाट्यांची काठी, स्वतःहून वळल्यासारखीच वाटते. त्याचा तसा प्रामाणिक विश्वास असतो, म्हणून त्याच्याशी आदरानंच बोला. आपल्याकडं काळ्या पाषाणात पाणी असतं ते भेगांमध्ये, मुरमाच्या थरात, दोन थरांच्या सांध्याला. म्हणून एका बांधावर बोअर लागतो आणि दुसऱ्यावर धूळ उडते. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचं कार्यालय जिल्ह्याला आहे. पैसे भरायच्या आधी तिथं जाऊन तुमच्या गावच्या भूजलाची माहिती मागा आणि शेजारच्या शेतांतल्या बोअरची खोली विचारून घ्या.

सोयाबीनवर मला जरा जास्त लिहायचंय, कारण तिथं तुमच्या घरचा पैसा अडकलाय आणि मराठवाड्यातल्या हजारो घरांचं दुखणं तेच आहे.

वडिलांची आठवण खरी आहे. २०२१ च्या ऑगस्टच्या सुरुवातीला लातूरच्या मोंढ्यात भाव दहा हजारांच्या वर गेला होता. पण तो कधी गेला होता? शेतकऱ्याच्या घरात सोयाबीन उरलंच नव्हतं तेव्हा. जगभर खाद्यतेल महागलं होतं आणि कारखान्यांना माल मिळत नव्हता. त्याच ऑगस्टमध्ये केंद्रानं १२ लाख टन सोयापेंड आयात करायला परवानगी दिली, पाठोपाठ नवा माल आला, आणि ऑक्टोबरपर्यंत भाव पाच हजारांच्या आसपास उतरला. म्हणजे तो दहा हजारांचा आकडा बहुतेक शेतकऱ्यांनी मोंढ्याच्या फलकावर बघितला, स्वतःच्या विक्रीच्या पट्टीवर नाही. मग ज्यांनी माल धरून ठेवला त्यांना २०२२ च्या उन्हाळ्यात सात हजारांच्या वर भाव मिळाला. त्या वर्षी थांबणारे खरोखर जिंकले, आणि तेच वर्ष सगळ्यांच्या मनात बसलं. पुढं काय झालं? २०२४-२५ च्या हंगामात हमीभाव ४,८९२ रुपये होता, आणि मोंढ्यात त्याच्याही खाली माल विकला जात होता. थांबणारे त्या वर्षीही थांबलेच होते.

एकदा ऐकलेला मोठा आकडा मनात खुंटीसारखा रुततो आणि पुढचे सगळे भाव माणूस तिथून मोजतो. मग ४,६०० मिळाले तरी "पाच हजार चारशेचा तोटा" वाटतो. वास्तविक मोजायला पाहिजे ते थांबण्याच्या खर्चापासून. हे गणित वडिलांबरोबर बसून करा, त्यांच्या हातात पेन देऊन.

काढणीला भाव ४,३०० होता असं धरू. माल १४ टक्के ओलाव्याचा होता आणि घरात वाळून १० टक्क्यांवर आला, तर १०० किलोचे साधारण ९५.६ किलो उरतात. साडेचार किलो हवेत गेले. पेरणीला घेतलेले पैसे महिन्याला शेकडा दोननं फिरत असतील, तर सहा महिन्यांत ४,३०० वर ५१६ रुपये व्याज. म्हणजे काढणीलाच विकून देणं फेडलं असतं तर जे हातात राहिलं असतं, तेवढंच मिळवायला सहा महिन्यांनी भाव सुमारे ५,०४० हवा. उंदीर, बारदाना, हमाली अजून धरलीच नाही. खासगी देणं नसेल तर व्याज काढून टाका, आकडा खाली येईल. तुमच्या घरचा खरा आकडा काय, हे तुमच्या घरच्या वहीतच आहे. तो एकदा हाताशी आला की "परत जाईल का?" या प्रश्नाच्या जागी "अमुक महिन्यापर्यंत पाच हजारांच्या वर जाईल असं मानायला आज काय आधार आहे?" हा प्रश्न येतो. त्याला तेलाचे भाव, आयातशुल्क, सरकारी खरेदी केंद्रं, ब्राझीलचं पीक अशी बघण्यासारखी उत्तरं आहेत.

थांबायचंच ठरलं तर आजच तारीख लिहून ठेवा: या दिवसापर्यंत इतका भाव आला नाही तर विकायचं. तारीख न ठरवता थांबलेला माणूस कधीच चुकत नाही, कारण त्याचं "अजून" संपतच नाही. तोवर नवीन पेरणी दारात येते आणि गरजेपोटी मिळेल त्या भावात माल जातो. मी हे अनेक घरांत होताना पाहिलंय, आणि दर वेळी फार वाईट वाटतं.

शिवाय विकणं आणि ठेवणं एवढे दोनच रस्ते आहेत, असं कुणी सांगितलं? कुठल्याही वादात दोनच बाजू दिसायला लागल्या की तिसरी शोधायची सवय लावून घ्या. अर्धा माल आज, अर्धा नंतर, हा एक रस्ता. कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना हा दुसरा: माल गोदामात ठेवायचा, त्याच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज सहा टक्के व्याजानं सहा महिन्यांसाठी मिळतं. वरच्याच उदाहरणात ३,२२५ रुपयांवर सहा महिन्यांचं व्याज ९७ रुपये होतं. तेवढ्या रकमेवर सावकाराला ३८७ द्यावे लागले असते.

डाळ मिलकडं वळू. अध्यक्षांनी दिलेला दाखला खराच असेल. पण लातूरच्या ट्यूशन एरियात उभं राहून फलक बघा. नीटला इतके मार्क, त्या मुलाचा फोटो, या मुलीचा फोटो. त्या वर्षी त्या क्लासला एकूण किती मुलं होती, हे कुठल्याही फलकावर नसतं. मिलचं तसंच. चाललेली मिल रस्त्यावरून दिसते, बंद पडलेलीचं शेड कुणाचं तरी गोदाम झालेलं असतं. म्हणून तुमचं पहिलं काम, मिल बंद केलेल्या किंवा अडचणीत आलेल्या दोन-तीन जणांना भेटणं. ते जेवढं शिकवतील तेवढं चाललेल्या मिलचा मालक शिकवू शकणार नाही. आपलं का चाललं, याचं खरं कारण त्यालाही पुष्कळदा ठाऊक नसतं.

बँकेत डाळ मिलचं प्रकरण आलं की यंत्राची किंमत मी नंतर बघायचो. आधी विचारायचो, तूर घ्यायला पैसा कुठून आणणार? तूर येते ती मुख्यतः जानेवारी ते मार्चमध्ये, आणि मिल तर पुढंही चालवायचीय. दिवसाला २० क्विंटल भरडायची म्हटली, तर २०२५-२६ च्या ८,००० रुपये हमीभावानं रोजची १ लाख ६० हजारांची तूर लागते. शंभर दिवसांचा साठा म्हणजे १ कोटी ६० लाख. अनुदान यंत्राला मिळतं. हा पैसा कंपनीला स्वतः उभा करावा लागतो. यंत्र उभं आहे आणि तूर नाही म्हणून बंद, अशा मिली मी पाहिल्यात. तुमच्या कंपनीकडं याचं उत्तर असेलही. ते कागदावर आलं पाहिजे एवढंच.

आता मोठ्यांपुढं बोलण्याचं. आपल्याकडं बैठकीत वयानं मोठा माणूस बोलला की विषय संपतो, आणि तुम्ही मुलगी, त्यात पगारी. ही अडचण खरी आहे, ती मी छोटी करत नाही. पण मत मांडलं तर ते मताविरुद्ध मत होतं, आणि तिथं तुमचं वजन कमी पडतं. माहिती मागणं हे तर तुमचं कामच आहे, कारण हिशेब तुमच्याकडं आहे. "काका, मिल घाट्यात जाईल" असं म्हणू नका. म्हणा, "काका, बँकेत विचारतील म्हणून लिहून ठेवते, शंभर दिवसांच्या तुरीला पैसा कोणत्या खात्यातून दाखवायचा?" किंवा, "आण्णा, दोन वर्षांनी समजा ही मिल बंद पडली, तर बहुधा कशामुळं पडेल?" हा दुसरा प्रश्न फार उपयोगी आहे. प्रस्तावाच्या बाजूचा माणूसही त्याला मोकळेपणानं उत्तर देतो, कारण त्याला विरोधात बोलावं लागत नाही, फक्त अनुभव सांगावा लागतो. आणि अनुभव त्यांच्याकडं भरपूर आहे. तो बाहेर यावा म्हणूनच तर विचारायचं.

आणि समोरच्याचं खोडून काढण्याआधी त्याचं म्हणणं त्याच्यापेक्षा चांगलं मांडून दाखवा: "म्हणजे आण्णा, तुमचं म्हणणं असं, की कच्ची तूर विकण्यापेक्षा डाळीत सभासदाला चार पैसे जास्त मिळतील आणि गावातल्या पोरांना काम मिळेल, बरोबर?" ते "हो, अगदी" म्हणाले की पुढचं बोलणं ऐकून घेतलं जातं. नाही म्हणाले तर तुम्हीच काही चुकीचं समजत होतात, हे वेळेत कळलं.

व्हिडिओंबद्दल थोडंच. बोलणारा सांगतोय त्याला आधार काय, त्यातून त्याला काय मिळतं आणि त्याच्याविरुद्ध जाणारी एखादी गोष्ट तो सांगतो का, एवढं बघा. एकही न सांगणाऱ्याचा दुसरा व्हिडिओ बघायची गरज नाही.

क्लासचं विचारलंत. क्लास लावू नका, एक वही घाला. मोठा निर्णय घेताना तारीख, काय ठरवलं, का ठरवलं, काय घडेल असं वाटतं आणि कधी तपासायचं, एवढं लिहा. निकाल लागल्यावर पान उघडा. ही वही नसली की मन गुपचूप आठवण बदलतं आणि "मला वाटलंच होतं" म्हणून मोकळं होतं. चार्ल्स डार्विन आपल्या मताच्या विरुद्ध जाणारी कुठलीही गोष्ट दिसली की ताबडतोब टिपून ठेवत. सोयीच्या गोष्टींपेक्षा अशा गोष्टी लवकर विसरल्या जातात, हे त्यांनी अनुभवानं ओळखलं होतं. तुम्हीही डाळ मिलच्या बाजूनं मन झुकलं की विरुद्ध बाजूचं आधी लिहा, आणि उलट झालं तर उलट.

वडील हिशेब बघूनही माल ठेवायचाच म्हणाले तर वाद वाढवू नका. शेत त्यांचं, निर्णय त्यांचा. तारीख आणि भाव तेवढा त्यांच्याच अक्षरात लिहून घ्या. आणि तारण योजना तुमच्या बाजार समितीत चालू आहे का, ते याच आठवड्यात विचारून या. जाताना सोयाबीनची नोंद असलेला सातबारा घ्या. माल स्वच्छ आणि वाळलेला लागतो, ओलावा १२ टक्क्यांच्या आत आहे का ते नेण्याआधी तपासून घ्या.